चुनखडीतील पिवळी पाने

वसंतात फुटलेले कोवळे पान पिवळे पडावे, त्यातील शिरांचे जाळे तेवढे हिरवे राहावे, आणि उन्हाळा चढेल तशी कडा करपून ते अकाली गळावे, हा प्रकार बागाईतदारांच्या जुन्या परिचयाचा. तथापि त्याचा उलगडा होऊ लागला तो १८४३ साली, जेव्हा शातियाँ-स्यूर-सेन येथील रसायनशास्त्राचे अध्यापक यूझेब ग्री यांनी हिराकशीचे, म्हणजे लोहक्षाराचे, पातळ पाणी अशा झाडांना दिले आणि ती पुन्हा हिरवी झालेली पाहिली. हे पाणी पानावर लावले असता जेथे ते लागे तेथेच हिरवेपणा उमटे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. वस्तुतः जमिनीत लोह विपुल असते. परंतु चुन्याचे प्रमाण अधिक असले म्हणजे ते अविद्राव्य होऊन, खजिन्यात द्रव्य असूनही रयतेच्या हाती दमडी न पडावी तसे, मुळांना दुर्लभ होते, आणि पाणी साचून राहिल्यास ही अडचण वाढतेच. विदर्भातील चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची नवी पालवी पिवळी पडते, तिचेही एक प्रमुख कारण हेच.

या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती द्राक्षमळ्यांत. फिलॉक्सेरा नामक, मुळांतील रस शोषणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उजाड केल्यावर तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम करण्याची तजवीज झाली. परंतु कोन्याकच्या परिसरातील पांढऱ्या खडूच्या जमिनीत, किडीपासून वाचलेली तीच कलमे पिवळी पडून खंगू लागली. तेव्हा, १८८७ साली, सरकारने पिएर व्हियाला यांना चुनखडी सोसणाऱ्या रानवेलीच्या शोधार्थ अमेरिकेच्या मोहिमेवर रवाना केले, आणि टेक्ससमधील डेनिसनचे द्राक्षतज्ज्ञ मन्सन यांच्या साहाय्याने त्यांना तेथील चुनखडीच्या टेकड्यांवर ‘बर्लँडिएरी’ ही जात जोमाने वाढताना आढळली. तिच्या काड्यांना मुळे सहजी फुटत नसत. म्हणून युरोपीय शास्ला द्राक्षाशी तिचा संकर करून सिद्ध केलेला ‘४१ बी’ हा खुंट पुढे खडूच्या मुलखात रूढ झाला. मातीला औषध पाजण्यापेक्षा मातीजोगे मूळ शोधावे, हा त्या अरिष्टातून निघालेला मार्ग मला त्या शतकातील कृषिविद्येचे मोठे यश वाटते.

शहरांतील शोभेच्या वृक्षांची कथा याहून निराळी नाही. पूर्व अमेरिकेच्या आम्ल, ओलसर सखल भागात जन्मलेला पिन ओक मध्य-पश्चिमेच्या नगरांत रस्तोरस्ती लावला गेला. तेथील माती मुळातच अल्कधर्मी, त्यात बांधकामाचा चुना-सिमेंटाचा राडारोडा मिसळलेला आणि रहदारीने घट्ट दबलेली. त्यामुळे या वृक्षाची पालवी पिवळी पडू लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास लोह विद्राव्य ठेवणारी ‘चिलेट’ संयुगे हाती आली, खोडाला भोके पाडून लोहक्षार भरण्याचीही रीत पडली. परंतु हे उपाय काही हंगामांपुरतेच टिकतात, म्हणून तेथील जाणते माळी अशा जागी पिन ओक न लावता चुनखडी सोसणारा बर ओक लावण्याची शिफारस करतात.