श्वास, संख्या आणि मणी : गडचिरोलीतील बालन्यूमोनियाची तीव्रता-परीक्षा

रोगाचे नाव सांगणे आणि रोगाचे बळ जोखणे या दोन भिन्न क्रिया होत. विदर्भात लहान मुलांच्या धापेच्या आजारास ‘डब्बा’ म्हणतात. या नावाने आजार ओळखला जातो. परंतु मुलास घरीच औषध द्यावे की रुग्णालयात न्यावे, हे त्यावरून ठरत नाही. रुग्णालय दूर आणि पावसाळ्यात नाल्यांनी वाट अडलेली, अशा अरण्यप्रदेशात या निर्णयावरच मुलाचे जीवित अवलंबून असते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेथे १९८६ मध्ये डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेचे कार्य आरंभिले. तत्पूर्वी १९८४ मध्ये पापुआ न्यू गिनीतील फ्रँक शॅन प्रभृतींनी साध्या लक्षणांवरून तीव्रता ठरविण्याचे निकष मांडले होते. दोन महिन्यांखालील अर्भकाचे मिनिटास ६०, वा त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० श्वास भरल्यास न्यूमोनिया समजावा, ही मर्यादा पुढे रूढ झाली. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार गंभीर मानून मुलास रुग्णालयात न्यावे, असा तेव्हाचा नियम होता.

तथापि गावातील निरक्षर सुइणीस पन्नासपर्यंत मोजता येत नसे. येथे भाषेचीही अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीत शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येस स्वतंत्र नाव आहे. ‘सत्तेचाळीस’, ‘एकोणपन्नास’ ही नावे सेकंदागणिक चालणाऱ्या श्वासाबरोबर उच्चारणे साक्षरासही कठीण. ‘सर्च’ने यावर श्वासमापक योजिला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी आला, तर न्यूमोनिया. दहापलीकडच्या संख्यानामांची गरजच त्यामुळे उरली नाही.

गडचिरोलीतील प्रयोगाचा वृत्तान्त १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील कार्यकर्ते व सुइणी यांनी उपचार केलेल्या मुलांत न्यूमोनियाचा मृत्युदर शेकडा ०.८ होता, तुलनेच्या गावांत तो शेकडा १३.५ होता. हे श्रेय एकट्या मण्यांचे नव्हे. प्रतिजैविक औषध आणि मातांचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. परंतु औषध कोणास द्यावे, हा निर्णय घरापर्यंत पोचल्यावाचून औषधही वेळेवर पोचले नसते.