जुन्या हायब्रिड मोटारीचे ब्रेक पॅड
भारतात २०१० मध्ये दाखल झालेल्या टोयोटा प्रियससारख्या हायब्रिड मोटारीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम विद्युत मोटर करते. त्यामुळे ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. मात्र कमी वापरामुळे, विशेषतः दमट किनारी हवेत, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि पॅड असमान झिजतात. घरी पॅड बदलताना खरा धोका वेगळाच असतो. गाडी बंद असतानाही दार उघडताच ब्रेकचा विद्युत पंप सुरू होऊन दाब निर्माण करू शकतो. उघड्या कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकून बोट चिरडू शकते. म्हणून चावी दूर ठेवून १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी आणि संपूर्ण जोडणी झाल्यावरच पुन्हा लावावी. पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. मगच गाडी हलवावी.