झाकलेले पाप आणि पश्चात्ताप : सुरतेपासून परमहंस सभेपर्यंत

सुरत म्हटले की मराठी वाचकास १६६४ ची स्वारी आठवते. फार तर १९०७ चे काँग्रेस अधिवेशन. या शहराशी मराठी माणसाचा आणखी एक संबंध आहे, आणि त्याची आठवण येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतही क्वचितच निघते. २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्या बरोबरीने तिच्या संस्थापकांत मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. त्या काळी ते येथे अध्यापन करीत. ईश्वर एक आणि मनुष्यमात्राची जात एक, ही त्यांची धारणा. सभा आपले म्हणणे उघडपणे मांडी. मंत्रतंत्राचा दावा करणाऱ्यांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले होते.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले. तेथे १८४९ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने परमहंस सभा सुरू झाली. विचार बहुतांशी तेच, पण रीत उलट. ही सभा गुप्त होती. नव्या सभासदाने परजातीयाच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची खूण द्यावयाची, आणि दाराबाहेर पडताच पूर्ववत सोवळ्याओवळ्यात वावरावयाचे. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली.

पाव खाल्ला यात पाप होते, असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु जे सत्य म्हणून स्वीकारले, ते घरात आणि समाजात रोज नाकारीत राहणे, हा दोष लहान नव्हे. झाकलेल्या गोष्टीचा धोका हाच, की ती झाकण्यासाठी मनुष्यास दुसरे आयुष्य उभारावे लागते आणि हळूहळू त्या दुसऱ्या आयुष्याचीच चाकरी करावी लागते. चांगला विचारही अशा अंधारात दुबळा होतो; मग खरोखरीच्या पापाविषयी काय बोलावे?

याच सभेत बाबा पदमनजी होते. १८३१ मध्ये बेळगावी जन्मलेल्या या तरुणाच्या मनाने ख्रिस्ती धर्माकडे ओढ घेतली होती, पण आप्तांची माया आणि जातीचे भय सुटेना. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी ही घालमेल नोंदविली आहे. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वही चोरीस जाण्यापूर्वी सहा वर्षे त्यांनी आपले अंतःकरण स्वतःच उघडे केले होते. पुढे इतरांची नावे फुटली तेव्हा त्यांच्यापाशी लपविण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांनी स्वीकारलेला धर्म सर्वांस पटावा असे नाही. पण उघडेपणाने येणारी मोकळीक कोणासही समजू शकते.

ख्रिस्ती परंपरेत पश्चात्ताप म्हणजे नुसती हळहळ नव्हे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे, आणि जुन्या करारातील हिब्रू शब्दाचा अर्थ मागे वळणे असा आहे. दावीद राजाने उरियाच्या पत्नीचे हरण केले आणि उरियास रणात मरावयास धाडून ते झाकले. नाथान संदेष्ट्याने त्यास एका गरिबाच्या मेंढीची कथा सांगितली. अन्याय करणाऱ्यावर राजा संतापला, तेव्हा नाथानाने तो मनुष्य तूच असल्याचे दाखविले. त्या क्षणी राजाने सबब सांगितली नाही. पाप कबूल केले. क्षमा मिळाली, तरी परिणाम चुकले नाहीत. रोमन कॅथलिक चर्चने १२१५ मध्ये वर्षातून एकदा तरी पापकबुली देणे बंधनकारक केले. गोव्याकडे तिला कुमसार म्हणतात. प्रॉटेस्टंट मताने ही कबुली थेट ईश्वरापाशी द्यावयाची. वाट वेगळी असली तरी झाकण काढल्यावाचून जखम बरी होत नाही, हे दोघांसही मान्य आहे.

आपल्याकडे प्रायश्चित्ताची रूढी जुनी आहे, पण तिचा बाह्य विधी मन पालटल्यावाचूनही पुरा होऊ शकतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून वादळ उठले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्या चहात त्यांना पाप दिसले होते म्हणून नव्हे. भोवतीच्या माणसांचा त्रास टळावा म्हणून. समाजाचे समाधान झाले असेल, पण त्याला पश्चात्ताप म्हणता येत नाही.

परमहंस सभेच्या पडझडीनंतर, १८६७ मध्ये, मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष दादोबांचेच बंधू, डॉ. आत्माराम पांडुरंग. येथे गुप्त वही नव्हती. उपासना सर्वांसमोर होई. सुरतेत उघडपणे बोललेली गोष्ट दोन तपांनी पुन्हा उघड्यावर आली.

आपल्यापैकी अनेक घराण्यांत आज कुलवृत्तांत लिहिले जात आहेत. पूर्वजांनी मिळविलेली वतने, बांधलेले वाडे, केलेली दाने त्यांत आवर्जून येतात. कोणा भावाची बुडविलेली वाटणी, एखाद्या विधवेवर झालेला अन्याय मात्र गाळला जातो. आम्हांस वाटते, ती पानेही लिहावीत, आणि ज्यांचे देणे राहिले त्यांचे वंशज भेटले तर ते फेडावे. वही दुसऱ्याने पळवून वाचण्यापेक्षा आपणच उघडलेली बरी.