डॉक्टर व्हायला चिठ्ठी लागते का?

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह आणि हरिसाल मागे टाकले की धारणी येते. तेथील एका शाळेत आम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर अकरावीतली एक कोरकू मुलगी मागे रेंगाळली. "सर, डॉक्टर व्हायले कोनाची चिठ्ठी लागते का?" तिने विचारले. सगळे हसले. आम्हीही हसलो आणि "चिठ्ठी नाही, गुण लागतात," असे सांगून मोकळे झालो. परतीच्या एस.टी.त मात्र आमचे उत्तर आम्हालाच अपुरे वाटू लागले. वैद्यकीय प्रवेशाच्या इतिहासात चिठ्ठी आणि गुण यांची ओढाताण फार जुनी आहे.

आपल्याकडची सर्वांत गाजलेली चिठ्ठी १८७८ सालची. गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुराहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत कराल का? वाइल्डरसाहेबांनी धर्मांतराचा विषय काढला आणि सारा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. पुढे न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. शिफारस अशी योगायोगाने पोहोचली!

आनंदीबाई ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. थॉर्बर्न नावाच्या डॉक्टर दांपत्याने त्यांना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव सुचवले होते. २८ जूनला त्यांनी तेथे अर्ज पाठवला. शिक्षकांनी हा अर्ज विद्यार्थ्यांना जरूर समजावून सांगावा. त्यात वय अठरा असल्याचे, कोणकोणत्या भाषा येतात याचे आणि गणित किती झाले याचे सरळ निवेदन आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हेही त्यांनी लपवले नाही. आपली परिस्थिती वेगळी आहे, ती ध्यानात घ्यावी, एवढीच विनंती केली. मात्र आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण कशासाठी आलो, हे त्यांनी ठामपणे मांडले. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी त्यांना वैद्यक शिकायचे होते. तेथील डीन रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. कोरा आकडा म्हणजे काय, हे त्यांना चांगले ठाऊक असणार. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या.

यावरून चिठ्ठीच बरी, असे कोणी म्हणेल. पण मग एडिथ पीची यांची हकीकत ऐकावी. एडिंबरो विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या प्रथमच परीक्षेला बसलेल्यांत पहिल्या आल्या. १८७० साली होप शिष्यवृत्ती मात्र त्यांच्याहून खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्यांना देण्यात आली. गुण होते, पण पाठीशी कोणी नव्हते. याच पीचीबाई १८८३ च्या अखेरीस मुंबईला आल्या आणि कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. रखमाबाईंना वैद्यक शिकण्याचे उत्तेजन त्यांनी दिले आणि निधी उभारण्यासही मदत केली. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. जिच्यासाठी कोणी शब्द टाकला नव्हता, तिने दुसरीसाठी टाकला.

ज्याला ओळख नाही त्याला चिठ्ठी मिळत नाही, हा तिचा मोठा दोष. म्हणून आपल्याकडे हळूहळू सर्व भार गुणांवर आला. महाराष्ट्रात आधी बारावीचे गुण, नव्वदीच्या दशकाअखेर राज्याची प्रवेश परीक्षा आणि २०१६ पासून नीट. १८० प्रश्न, ७२० गुण. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती. तिच्यात गांधीविचारांचीही एक प्रश्नपत्रिका असे. नीट आल्यावर ती गेली. अमेरिकेत आजही शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. काही कॉलेजांत तर सल्लागार समिती विद्यार्थ्याविषयी एकत्रित पत्र पाठवते. गुणांची पद्धत अधिक न्याय्य आहे, असे आमचेही मत आहे. पण "तुला डॉक्टर का व्हायचे आहे?" हा प्रश्न आता प्रवेशाच्या वाटेवर कोणीच विचारीत नाही.

तो विचारणारा भेटला तर काय घडते, याचे उदाहरण धारणी तालुक्यातच आहे. शेगावचे रवींद्र कोल्हे नागपुरास एम.बी.बी.एस. झाले. दुर्गम भागात जाण्याचे त्यांनी ठरवले, तेव्हा त्यांचे शिक्षक डॉ. जाजू यांनी त्यांना थांबवले, असे कोल्हे यांनी मुलाखतींत सांगितले आहे. सोनोग्राफी आणि रक्त हाताशी नसताना बाळंतपण करता यावे, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखता यावा, अतिसारावर उपचार करता यावेत. या तीन गोष्टी आल्याखेरीज जाऊ नकोस, असा सल्ला त्यांनी दिला. कोल्हे सहा महिने मुंबईत हेच शिकले आणि मग बैरागडला गेले. त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या सल्ल्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नाही.

घरी आल्यावर आम्ही त्या शाळेतल्या बाईंना पत्र लिहिले. त्या मुलीला सांगा, कागद लागतो. पण तो ओळखीचा नव्हे. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावीतच करा. जीवशास्त्र सोडू नकोस म्हणावे. नीटचा अर्ज भरताना नाव आणि जन्मतारीख दाखल्याप्रमाणेच आहे ना, हे दोघींनी मिळून तपासा. आणि एक वही घालून तिला डॉक्टर का व्हायचे आहे, ते तिच्या शब्दांत लिहायला सांगा.

बाईंचे उत्तर आले. वैधतेचा अर्ज दिला आहे, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधणे चालू आहे. वहीत मुलीने दीड पान लिहिले आहे. ते कोरकूत आहे, म्हणून बाईंनी तिलाच वाचून दाखवायला सांगितले.