दादीची साक्ष आणि इतिहास

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. शाळेच्या पुस्तकातला इतिहास बहुधा इथेच थांबतो. रझाकारांचे अत्याचार त्यात येतात, यायलाच हवेत. पण त्यानंतर मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर काय गुदरले, ते येत नाही. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसांनी प्राण गमावल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) होते. हा अहवाल कित्येक दशके बंदिस्त राहिला.

कागद गप्प असतो तेव्हा माणसांना विचारावे लागते. आपल्या कितीतरी घरांत ‘पोलीस अॅक्शन’च्या आधी आणि नंतर अशीच कालगणना चाले. दादीला तारीख आठवत नाही. पण विहीर आठवते, आसरा देणारे शेजारचे घर आठवते. अशी साक्ष दुसऱ्या साक्षीशी आणि कागदाशी ताडून पाहावी. गावात जाऊन राहावे. ओस मशीद, शेताची बदललेली मालकी, उरुसातले हिंदू मानकरी हेही पुरावेच. कॅमेरा बोलणाऱ्याचे मधले मौनसुद्धा टिपतो; मात्र चौकटीबाहेर काय राहिले, हेही विचारावे.

१९४८ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीकडे झुकली आहे. तिच्यापाशी बसायला आपल्याला वेळ आहे का?