अचला चालते किती?

अमरकोशात पृथ्वीची नावे सुरू होताच 'अचला' आणि 'स्थिरा' भेटतात. डोंगरही अचलच, म्हणून विंध्याचल, हिमाचल. पण त्याच भूमिवर्गात थोडे पुढे 'जगती' येते, आणि तिचा धातू 'गम्', जाणे. म्हणजे तीही चालणारी! कोशकाराला यात काही खटकले नसावे.

खटकले ते आर्यभटाला. नावेत बसलेल्याला काठ मागे सरकताना दिसतो, तसे अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने इ. स. ४९९च्या सुमारास लिहिले. 'अचल' हे विशेषण त्याने पृथ्वीकडून काढून ताऱ्यांना दिले. ब्रह्मगुप्ताला ते मुळीच पटले नाही.

ती झाली पृथ्वी स्वतःभोवती फिरण्याची गोष्ट. तिचे कवच जागेवरून सरकते का, हे मोजायला उपग्रह लागले. हा शब्दही गमतीचा. आज आपण तो 'ग्रहाजवळचा छोटा ग्रह' अशा अर्थाने वापरतो. पण 'ग्रह्' म्हणजे धरणे, आणि अमरकोशातला 'उपग्रह' म्हणजे चक्क कैदी. गुरूच्या चंद्रांना केप्लरने १६११मध्ये जो लॅटिन शब्द लावला, त्यातून 'सॅटेलाइट' आला. त्याचा अर्थ मात्र पहारेकरी, हुजऱ्या. मला आपला कैदीच अधिक अचूक वाटतो. पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राने त्याला धरून ठेवलेले असते. वरची जमीन सरकली म्हणून त्याची कक्षा काही तिच्यामागे ओढली जात नाही. म्हणून तर त्याची साक्ष ग्राह्य.

१९७६मध्ये सोडलेला 'लॅजिओस' हा असाच एक साक्षीदार: ६० सेंटिमीटर व्यासाचा गोळा, अंगावर ४२६ परावर्तक. यंत्र वगैरे काही नाही. जमिनीवरून लेसर सोडायचा, प्रकाश परतायला लागलेला वेळ मोजायचा, की अंतर कळते. वर्षानुवर्षे असे मोजत गेले, की वेधशाळाच सरकताना सापडतात. आता जीपीएसने हे काम पुष्कळ सोपे केले. बंगळूर, हैदराबाद वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे चालले आहेत. त्यातले दोनेक सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यात दाबले जातात, साठतात आणि कधीतरी एकदम सुटतात. २५ एप्रिल २०१५च्या नेपाळ भूकंपात काठमांडूचा परिसर काही सेकंदांत दीड मीटरहून अधिक दक्षिणेकडे गेला. हिमाचलाच्या नावातल्या 'अचल'ला एवढी सूट द्यावीच लागेल.

जुलै २०२५मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' हा उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जमिनीवर परतून रडारने तिची पुन्हा तपासणी करतो. आणि भूगणिताच्या, म्हणजे पृथ्वीच्या मोजमापाच्या, आंतरराष्ट्रीय यादीत आता मोजणीच्या ठाण्यांचा नुसता ठावठिकाणा पुरत नाही. प्रत्येक ठाण्यापुढे तो कोणत्या तारखेचा, आणि ठाणे वर्षाला किती व कोणत्या दिशेला सरकते, हेही लिहितात.