माळेतले काळे मणी

१८४५च्या ऑगस्ट महिन्यात एडिंबरा शहरात हिल आणि अ‍ॅडमसन या जोडगोळीने एका त्रेचाळीस वर्षांच्या पाहुण्याचे काही फोटो काढले. फोटोग्राफीचं तंत्र तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होतं. त्यातल्या काही फोटोंत हा माणूस हरणाच्या कातड्याचा पोशाख घालून उभा आहे, तर एकात तो साध्या युरोपीय कोटात, एखाद्या पाद्र्यासारखा बसलाय. उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी माणसाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने फोटो म्हणून ते ओळखले जातात. गंमत अशी, की पाद्र्यासारखा दिसणारा तो माणूस खरोखरच पाद्री होता आणि कातड्याचा पोशाख घालणं त्याला मनापासून नकोसं वाटायचं.

त्याचं नाव पीटर जोन्स. त्याच्या आईच्या भाषेत काहकेवाक्वोनाबी, म्हणजे पवित्र पिसं. कॅनडातल्या ओजिब्वे लोकांमध्ये काम करणारा तो मेथडिस्ट मिशनरी. पण 'मिशनरी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते इथे उलटं करावं लागतं. तो बाहेरून आलेला नव्हता. ज्यांना तो धर्म सांगत होता ते त्याचेच मामा, मावश्या आणि भावंडं होती. मला त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं ते म्हणूनच. आपल्या माणसांना वाचवायला निघालेला माणूस काय काय पणाला लावतो, आणि त्यातलं त्याला परत किती मिळतं, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात फार उघडपणे दिसतो.

दहा शिलिंगांचं शहर

जोन्सचा जन्म १ जानेवारी १८०२ रोजी, लेक ऑन्टॅरिओच्या पश्चिम टोकाला बर्लिंग्टन हाइट्स इथे झाला. वडील ऑगस्टस जोन्स, वेल्श वंशाचे सरकारी सर्व्हेअर. आई तुहबेनाहनीक्वे, मिसिसागा प्रमुख वाहबानोसे यांची मुलगी. मिसिसागा ही ओजिब्वेंचीच एक शाखा. वडिलांनी एका मोहॉक बाईशीही लग्न केलं होतं आणि ते त्या घरी राहत. पीटर आणि त्याचा थोरला भाऊ जॉन आईकडे वाढले. 'पवित्र पिसं' हे नाव आजोबांनी ठेवलेलं. गरुड हा मेघगर्जनेच्या देवतेचा पक्षी, त्याची ती पिसं.

बाप जमीन मोजणारा, आई जिची जमीन मोजली जात होती तिची लेक. ही कादंबरीकाराने रचलेली जुळणी वाटते, पण त्या काळातलं अप्पर कॅनडा म्हणजे नेमकं हेच होतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्रजांच्या बाजूने लढलेले हजारो लोक उत्तरेकडे आले आणि त्यांना वसवायला सरकारला जमीन हवी होती. १७८७मध्ये टोरांटोच्या जमिनीचा जो करार झाला, त्याचा कागदच कोरा निघाला. मिसिसागा प्रमुखांची कुलचिन्हं वेगळ्या चिठोऱ्यांवर काढून त्याला चिकटवलेली होती. मग १८०५मध्ये नवा करार झाला. त्यात २,५०,८३० एकर जमीन गेली आणि मोबदला म्हणून लिहिले गेले दहा शिलिंग. आजच्या टोरांटो शहराचा मोठा भाग त्या जमिनीवर उभा आहे.

जमिनीबरोबर बाकीचंही गेलं. देवीसारख्या साथींनी माणसं नेली, शिकार आटली, व्यापाऱ्यांची दारू घराघरांत शिरली. १७९६मध्ये वाबाकिनीन हा मिसिसागांचा मोठा प्रमुख एका इंग्रज सैनिकाशी झालेल्या झटापटीत मारला गेला, आणि पुराव्याअभावी सैनिक सुटला. १८२०पर्यंत क्रेडिट नदीकाठच्या मिसिसागांकडे जेमतेम दोनशे एकर जमीन उरली. पीटर या पडझडीतच मोठा झाला. साधारण चौदाव्या वर्षी वडिलांनी त्याला आपल्याकडे नेलं आणि इंग्रजी शाळेत घातलं. १८२०मध्ये त्याचा बाप्तिस्माही झाला, पण तो अँग्लिकन पद्धतीचा आणि नावापुरता. गोऱ्यांच्या जगात वावरायला सोपं जाईल, एवढाच त्याचा उपयोग.

झाडीतली सभा

१८२३च्या जून महिन्यात अँकास्टर गावाजवळ मेथडिस्टांची एक 'कॅम्प मीटिंग' भरली. झाडीत तंबू ठोकायचे, दिवसचे दिवस प्रवचनं आणि गाणी, पश्चात्तापाने रडणारी माणसं, असा तो प्रकार. चर्चच्या इमारतीपेक्षा आपल्याकडच्या सप्ताहाशी त्याचं नातं जवळचं वाटतं. पीटर आणि त्याची सावत्र बहीण पॉली तिथे गेले. पॉलीचं मन आधी बदललं, मग त्याचं.

मेथडिझमच का? माझ्या मते उत्तर धर्मग्रंथाइतकंच त्याच्या रीतीत आहे. अँग्लिकन चर्च हे राज्यकर्त्यांचं होतं, तिथे धर्मोपदेशक व्हायला पदवी आणि ओळख लागायची. मेथडिस्टांना घोड्यावरून किंवा पायी गावोगाव फिरणारा, लोकांच्या बोलीत बोलणारा माणूस चालायचा. शिवाय दारूला सक्त मनाई. ज्या समाजाला दारूने पोखरलं होतं, त्याला ही एक अटसुद्धा जगण्याचा दोर वाटली असणार. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोलणारा माणूस आपला होता. तोवर आलेले उपदेशक दुभाष्यामार्फत बोलत. जोन्स ओजिब्वेतच विचार करत होता.

काही वर्षांतच त्याच्या आईसकट क्रेडिटकाठचे बहुतेक मिसिसागा ख्रिस्ती झाले. १८२६मध्ये क्रेडिट नदीकाठी त्यांचं नवं गाव वसलं. लाकडी ओंडक्यांची घरं, शाळा, प्रार्थनाघर, नांगरलेली शेतं. पुढे या गावाने नदीच्या मुखाशी असलेल्या बंदराच्या कंपनीत मोठा हिस्साही घेतला. १८२९मध्ये गावाने जोन्सला प्रमुखांपैकी एक म्हणून निवडलं आणि १८३३मध्ये तो मेथडिस्ट चर्चचा पूर्ण दीक्षित धर्मोपदेशक झाला. मधल्या काळात दोघा भावांनी भाषांतरं केली. पीटरने मत्तयाचं शुभवर्तमान ओजिब्वेत आणलं, जॉनने योहानाचं. दोघांची गाणीही लोकांच्या ओठांवर होती. त्यांच्या पाठोपाठ जॉन संडे, पीटर जेकब्स असे ओजिब्वे प्रचारक लेक ह्युरॉन आणि लेक सुपिरियरपर्यंत पोचले.

सरकारला हे सगळं आवडलं आणि खुपलंही. 'इंडियन' शेती करू लागले हे चांगलं, पण मेथडिस्ट म्हणजे अमेरिकेतून आलेलं, संशयास्पद प्रकरण. गव्हर्नर मेटलंड आणि अँग्लिकनांचे नेते जॉन स्ट्रॅचन यांनी या गावाला अँग्लिकन चर्चकडे ओढण्याचा प्रयत्न केला. कॅम्प मीटिंगला गेलात तर सरकारी मदत थांबेल, अशी ताकीदही देण्यात आली. जोन्स बधला नाही.

राणीसमोर

गावं चालवायला पैसा हवा होता, म्हणून १८३१मध्ये जोन्स इंग्लंडला गेला. तिथे त्याने शंभराहून जास्त भाषणं दिली. लोक गर्दी करत, पण त्यांना काळ्या कोटातला पाद्री नको होता, पिसं आणि कातडं ल्यालेला 'इंडियन' हवा होता. जोन्सने तो पोशाख चढवला. पत्रांतून आणि डायरीतून याबद्दलचा त्याचा वैताग दिसतो. ज्या जुन्या जगातून बाहेर या असं तो घरी सांगत होता, त्याच जगाचा नमुना म्हणून इथे त्याला उभं राहावं लागत होतं, आणि त्याच्याच जोरावर शाळेसाठी पैसे जमत होते.

याच दौऱ्यात त्याला एलायझा फील्ड भेटली. लंडनच्या एका सधन कारखानदाराची धार्मिक वृत्तीची मुलगी. घरच्यांचा विरोध मोडून ती अटलांटिक ओलांडून आली आणि १८३३च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघांचं लग्न झालं. गोरी बाई आणि 'इंडियन' नवरा म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांनी हेटाळणी केली. संसार मात्र टिकला.

दुसरा दौरा १८३७चा. आता प्रश्न जमिनीचाच होता. गव्हर्नर बाँड हेड याने मूळनिवाशांना उचलून लेक ह्युरॉनमधल्या मॅनिटूलिन बेटावर वसवायची योजना काढली होती. बेट खडकाळ, शेतीला निरुपयोगी. क्रेडिटच्या लोकांनी स्वतः झाडं तोडून काढलेली शेतं होती, पण त्या जमिनीचा मालकीहक्क सांगणारा कागद त्यांच्याकडे नव्हता.

१४ सप्टेंबर १८३८ रोजी विंडसरच्या राजवाड्यात जोन्स एकोणीस वर्षांच्या व्हिक्टोरिया राणीसमोर उभा राहिला. हातात प्रमुखांच्या कुलचिन्हांची सही असलेला अर्ज होता आणि अर्जासोबत वॅम्पमची माळ. वॅम्पम म्हणजे शिंपल्यांपासून घडवलेले मणी. करार, निरोप, शपथ हे सारं या लोकांत त्या मण्यांतून नोंदवलं जाई. जोन्सने राणीला माळेचा अर्थ सांगितला: पांढरे मणी म्हणजे तुमच्याविषयीचा आमचा सद्भाव, काळे मणी म्हणजे जमिनीचे कागद नसल्यामुळे आमच्या मनात असलेली काळजी. आपण हे काळे मणी काढून टाकावेत आणि माळ सगळी पांढरी व्हावी, एवढीच विनंती.

अर्ज मान्य करावा, अशी वसाहतमंत्री लॉर्ड ग्लेनेल्ग याची शिफारस होती. राणीने होकारही दिला. कागद मात्र कधीच मिळाले नाहीत.

ज्यांना जागा दिली, त्यांच्याकडे

मला जोन्सच्या चरित्रातला सर्वांत हलवणारा भाग यापुढचा वाटतो. क्रेडिटकाठी गोऱ्यांची वस्ती वाढत गेली, मासे कमी झाले, जळणाचं लाकूड संपत आलं. हक्काचा कागद नसलेल्या जमिनीवर नवी कुंपणं तरी का घालायची? गावात मतभेदही होते. जोन्सची करडी शिस्त आणि गोऱ्यांसारखं वागण्याचा आग्रह काहींना जाचत होता. १८४७मध्ये गाव उठलं. त्यांना जागा दिली ती ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्सनी, म्हणजे मोहॉक आणि त्यांच्या सोबतच्या इरोक्वॉय लोकांनी. कधीकाळी हे ओजिब्वेंचे हाडवैरी. पण १७८४मध्ये अमेरिकेतून बेघर होऊन आलेल्या सिक्स नेशन्ससाठी मिसिसागांनी ही जमीन मोकळी करून दिली होती. त्रेसष्ट वर्षांनी त्यांनी त्याची आठवण ठेवली. राजाराणीच्या शब्दाचं काही झालं नाही, शेजाऱ्याने मात्र शब्द पाळला.

शाळेचं काय झालं?

इथे थांबता आलं असतं तर जोन्स हा नुसता नायक ठरला असता. पण १८४५चे ते एडिंबराचे फोटो ज्या दौऱ्यात निघाले, तो दौरा कशासाठी होता हे सांगायला हवं. ओजिब्वे मुलांसाठी निवासी औद्योगिक शाळा काढायची होती आणि जोन्स त्यासाठी पैसे जमवत होता. मुलं घरापासून दूर राहतील, शेती आणि सुतारकाम शिकतील, इंग्रजी शिकतील. पुढे याच मुलांतून शिक्षक आणि कारभारी तयार होतील आणि शाळा आपली माणसंच चालवतील, हा त्याचा हिशोब. मन्सीटाउन इथे माउंट एल्जिन शाळा उभी राहिली, पण तोवर जोन्सची तब्येत ढासळली होती. सूत्रं गोऱ्यांच्या हाती गेली आणि तिथेच राहिली. १९४६ साली ती बंद झाली, तोवर ती कॅनडाच्या कुप्रसिद्ध निवासी शाळांच्या यंत्रणेचा भाग बनलेली होती. मुलांना आईबापांपासून आणि भाषेपासून तोडणारी ती यंत्रणा.

क्रेडिट गावातला पहिला मिशनरी होता एगर्टन रायर्सन, जोन्सचा जिवलग मित्र. त्याला गावाने ओजिब्वे नावही दिलं होतं. पुढे तो अप्पर कॅनडाच्या शिक्षणव्यवस्थेचा प्रमुख झाला, आणि १८४७मध्ये मूळनिवाशांच्या औद्योगिक शाळा कशा असाव्यात याचा आराखडा त्याने सरकारला दिला. जून २०२१मध्ये आंदोलकांनी टोरांटोतला त्याचा पुतळा पाडला. त्याचं नाव असलेल्या विद्यापीठाचं नाव २०२२मध्ये बदललं.

मग जोन्सला कुठे बसवायचं? आपल्याला हा पेच अगदी परका नाही. ज्या अमेरिकन बोर्डाच्या मिशनरींनी १८१३मध्ये मुंबईत काम सुरू केलं, त्याच बोर्डाने १८३१मध्ये लेक सुपिरियरकाठच्या ओजिब्वेंमध्येही माणसं पाठवली. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक यांच्याविषयी आपण अजून वाद घालतो: धर्म बदलला म्हणजे माणसं सोडली का? पण फरकही मोठा आहे. इथे मराठी बोलणारे कोट्यवधी होते, शेताची माती पायाखाली होती. जोन्सच्या मागे काहीशे माणसं होती आणि दर दशकात आकसणारा जमिनीचा तुकडा. वाचायचं असेल तर बदलायलाच हवं, असं त्याला वाटलं. त्याचा तो अंदाज मला चूक म्हणवत नाही. बदललो तर राज्यकर्ते आपल्याला बरोबरीचं मानतील, हा दुसरा अंदाज मात्र फसला. गावाने नांगर धरला, दारू सोडली, बायबल वाचलं. तरी कागद मिळाला नाही, कारण त्यांच्या वागण्यात काही कमी होतं म्हणून जमीन जात नव्हती. जमीन हवी होती म्हणून जात होती.

२९ जून १८५६ रोजी ब्रँटफर्डमध्ये जोन्स वारला. त्याचा मुलगा पीटर एडमंड पुढे डॉक्टर झाला आणि त्यांच्या लोकांचा प्रमुखही. त्यांचं गाव आजही हेगर्सव्हिलजवळ, सिक्स नेशन्सनी दिलेल्या त्याच जागेवर आहे. २०१०मध्ये कॅनडा सरकारने टोरांटोच्या जमिनीपोटी त्यांच्याशी १४.५ कोटी डॉलर्सची तडजोड केली.

नवऱ्यामागे एलायझाने त्याचे कागद गोळा करून दोन पुस्तकं छापली. एक त्याची डायरी, दुसरं १८६१चं ओजिब्वेंच्या इतिहासाचं. या दुसऱ्या पुस्तकात जोन्सने नाव ठेवण्याचे विधी, उपास, स्वप्नं, मेघगर्जनेच्या देवता असं सगळं टिपून ठेवलंय. उपदेशकाच्या नात्याने तो त्याला अंधश्रद्धा म्हणतो आणि तरीही बारकाईने लिहितो. ज्या रीती सोडा असं तो आयुष्यभर सांगत फिरला, त्या शोधायला आज त्याच्याच लोकांची मुलं ते पुस्तक उघडतात.